ब्रेकआधी साबण

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे ट्रकचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळेच चाचा म्हणतात. माझा धानाचा ट्रक दर हंगामात त्यांच्या दारात उभा असतो. यंदा म्हटलं, "चाचा, मलेच शिकवा ना."

त्यांनी साबणाची वडी पुढे केली. "पयले हात धू. लायनरले ग्रीस लागलं का ब्रेक पकडत नाई."

नवा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, उचलण्याआधी तेही जेवायला बसल्यासारखे कोपरापर्यंत हात धुतात. मी मागची चाकं खोलली, लायनर बसवले, ड्रम चढवले. चाचा बिडी ओढत बघत होते. माझं चुकलं की नुसतं खाकरायचे.

"जमलं का, चाचा?"

"मले काऊन विचारून राह्यला? चालवून पाय."

आणि स्वतःच केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्यानं ब्रेक केलेल्या ट्रकमध्ये ते बसत नाहीत असं ऐकून होतो, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

वैनगंगेच्या पुलाकडच्या उतारावर मी ब्रेक दाबला. ट्रक सरळ थांबला. इतका वेळ किंचित उघडं धरून ठेवलेलं आपल्या बाजूचं दार चाचांनी ओढून घट्ट लावलं.