देवळाच्या कुंडातलं पाणी

ओसाकाजवळच्या विद्यापीठाच्या उंदीरघरात पिंजरे साफ करण्यात तोकिए कुवाबाराचं अर्धं आयुष्य गेलं. आत शिरण्याआधी आंघोळ, टोपी, हातमोजे. उंदरांचं पाणीसुद्धा वाफेवर निर्जंतुक केलेलं. इतके लाड घरच्या सुनेचेही होत नाहीत. तिच्या उंदरांना लस टोचली तरी रक्तात कच्च्या, पहिल्या फळीच्याच अँटिबॉडी तयार होत. मुरलेल्या, नेमक्या कधीच नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीला नुसता जंतू दिसून भागत नाही, मदतनीस पेशीनं जवळ येऊन दुसरी खूण द्यावी लागते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं. या उंदरांकडे दुसरी किल्ली जन्मापासून नव्हती.

तिच्या मुलाकडे, काझुमाकडेही नव्हती. दोष आईकडून आलेला, हे ती एक दिवसही विसरली नाही. दुसऱ्यांच्या अँटिबॉडी त्याला सुईतून मिळत, पण पोटात शिरणाऱ्या काही जंतूंपुढे त्यांचं काही चालत नसे. म्हणून डॉक्टर निशिओकांनी बजावलं होतं, उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब नको. तोकिए दात घासायलाही उकळलेलं पाणी देई.

मग अस्थिमज्जेचा दाता जुळला. नव्या मज्जेतून नव्या मदतनीस पेशी येणार होत्या. तिला आभाळ ठेंगणं झालं. देवाचे आभार मानायला ती काझुमाला माहेरच्या डोंगरातल्या देवळात घेऊन गेली. दाराशी झऱ्याचं कुंड. पळीनं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ भरायची. काझुमा घुटमळला.

"आई, हे पाणी..."

"अरे, प्यायचंय थोडंच? देवापुढे खरकट्या तोंडानं जाणार आहेस का?"

त्यानं पळी उचलून चूळ भरली.

लवकरच जुलाब सुरू झाले. पाण्यातला जंतू पित्तनलिकेत शिरला आणि काही महिन्यांत यकृत नासलं. बाहेरचं पाणी कुठं लागलं, असं निशिओकांनी विचारलं, तिनं सांगितलं. अशा यकृताला मज्जेचा उपचार सोसणार नाही, म्हणाले. दाता हातचा गेला.

शरदात उंदीरघरामागच्या शिळेपुढे सगळे जमले. वर्षभरात मेलेल्या प्राण्यांना फुलं वाहून त्यांची माफी मागायची, ही दरवर्षीची रीत. तोकिएनं पिंजऱ्यातली, निर्जंतुक पाण्याची बाटली आणली होती. ती शिळेवर पाणी ओतू लागली, तेव्हा शेजारी उभे असलेले सहकारी मुकाई हळूच म्हणाले, "तोकिएसान, दगडाला नळाचं चालतं."

"यांना मी नळाचं कधी दिलं नाही," ती म्हणाली.

सगळे वाकले. तिला उंदरांची माफी मागता येईना. ज्याची मागायची तो दवाखान्यात पिवळा पडून होता, आणि तिच्या हातचं पाणी उकळलेलं आहे का, हे त्यानं त्या कुंडानंतरही एकदाही विचारलं नव्हतं.