पितृपंधरवड्यात पेटलेली भट्टी

यशवंत गेल्याचा ट्रंककॉल आला तेव्हा मी साताऱ्याच्या कोर्टात होतो. हातातला युक्तिवाद पुरा केला आणि मगच सांगलीची एस.टी. गाठली. काम अर्धवट टाकून आलेलं त्याला चाललं नसतं...

आम्ही शाळासोबती. मी वकील झालो, त्यानं सांगलीत ओतशाळा काढली. हळद घासून चकचकीत करणारा ड्रम तेव्हा पुण्याचे एक कारखानदार बनवत, पेटंट त्यांचं. यशवंतला तो बनवायचा होता, पण पेटंट संपल्यावरच. ड्रमवरच्या पितळी पट्टीवर पेटंट मिळाल्याचं साल होतं आणि सगळी सांगली तिथूनच सोळा वर्षं मोजत स्वस्थ बसली होती. मी कलकत्त्याहून पेटंटची छापील प्रत मागवली. जुन्या कायद्यानं मुदत धरायची ती अर्जाच्या तारखेपासून. पेटंट हातात पडायला मग कितीही वेळ लागो. म्हणजे हक्क त्याच वर्षी संपत होता, पितृपंधरवडा लागता लागता.

"चुकलं तर ड्रम जप्त हुतील, ओतशाळंला टाळं लागंल," यशवंत म्हणाला. "छातीठोक सांग गड्या."

"छातीठोकच सांगतोय."

माझ्यापुढे कोर्ट सोपं होतं, त्याच्यापुढे आई होती. पितरांच्या दिवसांत नवं काम तिला पटेना.

"घट बसल्यावर पेटीव की रं भट्टी."

"आये, दसऱ्याला आडते ऑर्डरी देत्यात. तवा ड्रम फिरताना दिसाय पायजे. घट बसल्यावर कवा वतू?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आन् पंधरवडा आबाचाच हाय न्हवं? गोणपाटात पाय गुंडाळून जलमभर हळद घासली त्यानं. त्यो रागावंल व्हय?"

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली आणि दसऱ्याला ड्रम फिरला. पुण्याहून नोटीस आली, तिला मी चार ओळींत अर्जाची तारीख कळवली. पुन्हा पत्र आलं नाही. त्या उत्तराचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पण खरा निकाल त्याआधीच लागला होता. आबांच्या, म्हणजे यशवंतच्या वडिलांच्या, तिथीला आई नैवेद्याचं पान घेऊन घराच्या कौलांकडे गेलीच नाही. तडक ओतशाळेत आली आणि तिनं ते तिथल्या पत्र्यावर ठेवायला लावलं. खाली भट्टी धडधडत होती, तरी कावळा आला. तेव्हापासून दर साली पान तिथंच ठेवतात. पुढच्या वर्षापासून आबांच्या शेजारी यशवंतचं असेल...