वाळूतला बदामी केक

रियाधमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर कराचीच्या एक बाई राहत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायचे. दुपारची असरची नमाज झाली की त्यांच्याकडे चहा मांडला जाई. दुधात उकळलेला वेलचीचा चहा आणि सोबत बदामाचा केक. माझ्या आल्याच्या चहाला त्या "तुम्हारा काढ़ा" म्हणत आणि दोन कप पीत.

केक अगदी साधा. भिजवून सोललेले बदाम वाटायचे, तेवढीच साखर, लोणी, चार अंडी, थोडा मैदा. माप विचारलं की आपा म्हणत, "अंदाज़े से." तो अंदाज माझ्या वहीत काही उतरला नाही.

आमचा दोघींचा एक नियम होता. भांडं रिकामं परत करायचं नाही. माझ्या आईने मला तेच शिकवलेलं आणि त्यांच्या अम्मींनी त्यांना. साबुदाणा वडे खाली जात, शेवया वर येत, आणि कोणतं भांडं मुळात कोणाचं हे दोघींनाही आठवेनासं झालं होतं.

मग कुवेतचं प्रकरण पेटलं. ह्यांच्या ऑफिसातून गॅस मास्क आले, खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. आपांच्या मियाँनी त्यांचं कराचीचं तिकीट काढलं. "मैं कहीं नहीं जाती," असं आपा आठवडाभर बजावत राहिल्या आणि बॅगही भरत राहिल्या. मला त्या जायला नको होत्या. हे दिवसभर कामावर, आणि त्या इमारतीत माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. पण माझ्या गप्पांसाठी तुम्ही जीव धोक्यात घाला, हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून ठरवलं, निदान जाण्याआधी त्यांना केक करून घालायचा. त्यांचा केकचा डबा मागितला तर तो त्यांनी काळजीच्या चेहऱ्याने दिला.

आई गावी कुकरमध्ये वाळू पसरून केक करायची, शिट्टी न लावता. मीही तेच केलं. इमारतीमागून वाळू आणली, चाळली, भाजली. वाळूला त्या देशात तोटा नव्हता! केक फुगला, घरभर वास सुटला, आणि सगळ्या फटी बंद असल्यामुळे तो घरातच राहिला.

आपा आल्या आणि कुकरकडे बघतच राहिल्या. "बीबी, ओवन किसलिए है?"

त्यांनी स्वतःच ओव्हन उघडला. आत माझे तवे, किसणी आणि पापडांचा डबा. आपा हसून हसून खुर्चीत बसल्या. मी तोऱ्यात डबा ताटलीवर उपडा केला, आणि बुडाला चिकटलेली वाळू केकवर सांडली. वरवर झटकली. पहिल्याच घासाला कचकन आवाज आला.

"बादाम है," मी म्हटलं.

"हाँ, सऊदी बादाम," म्हणत आपांनी अख्खा तुकडा संपवला.

मी डबा धुतला, पण त्यात भरायला तो रेताड केक सोडून घरात काही नव्हतं. "खाली कैसे देऊँ?" म्हणताना मला रडूच फुटलं. आपांनी डबा माझ्याकडे सरकवला. "रख लो. जब बग़ैर रेत का बनेगा, तब लेने आऊँगी." आणि त्या गेल्या.

युद्ध सुरू झालं, भोंगे वाजू लागले. मी ओव्हन रिकामा केला आणि भीती वाटली की केक करत सुटले. ह्यांचं वजन वाढलं. केक हळूहळू जमला, पण तो दाखवायला आपा नव्हत्या आणि त्या परत येतील याची मला खात्री वाटेनाशी झाली.

युद्ध संपल्यावर एका दुपारी बेल वाजली. दारात आपा. सलाम नाही, दुआ नाही. "मेरा डिब्बा?"

नेमका त्याच दिवशी घरात एकही बदाम नव्हता, आणि त्या डब्यात दुसरं काही भरायला मन घेईना. आयुष्यात एकदाच मी कुणाचं भांडं रिकामं परत केलं, आणि ते हातात घेऊन, "डिब्बा तो बहाना था," म्हणत आपा तिथेच, माझ्या उंबऱ्यावर, रडायला लागल्या.