टिकली लावलेली डिस्क

दुकानात वायरी साचतात, तसे किस्से साचतात. वायरी निदान भंगारवाला नेते. किस्से कोनीच नेत नाई, म्हनून तुमच्या अंगावर टाकतो.

आमचा मंगेश मोताळ्यात घराच्या समोरच्या खोलीत कम्पुटर दुरुस्त करते. मी त्याची माय, दारात स्टुलावर बसतो. माह्यं शिक्षन चौथी, तेबी अर्धी. पन हार्डडिस्क म्हंजे काय, ते मले इचारा. कम्पुटरची कोठी. जे भरलं ते तिथंच. कोठी फुटली की खेळ खतम.

*

धामणगाव बढ्याचा एक गुरुजी मोटरसायकलवर कम्पुटरचा पडदा बांधून घेऊन आला. वरून गोधडी, गोधडीवर सुतळी. म्हने कम्पुटरमंधी जागा कमी पडून राह्यली, मोठी डिस्क टाकून द्या.

मंगेशनं इचारलं, डबा कुठी हाय? गुरुजी म्हने, "कोनता? ज्याच्यावर हा ठेवला होता तो? तो तं घरीच हाय."

मी म्हनलं, "गुरुजी, बैल गोठ्यात अन् झूल दवाखान्यात आनली तुमी."

तो बाप्पा अजूनबी बाजारात दिसला की रस्ता बदलते.

*

आमच्या घरी नवी वस्तू आली की आधी कुकू. गाडी असो, मिक्सर असो. देऊळघाटच्या एका दुकानदारासाठी मंगेशनं नवी डिस्क आनली. मी पाह्यलं, तं एका बाजूनं सोन्यासारखे पिवये दात. तिथंच बोट भरून लावलं.

दिवसभर कम्पुटरले डिस्क दिसे ना. मंगेशनं वायर बदलली, डबा उलटा केला, डिस्क पाठवनाऱ्याले फोनवर झाडलं. शेवटी खोडरबर घेऊन दात घासाले लागला, अन् रबर लाल झालं.

रबर माह्यापुढं धरून म्हने, "माय, देवाले चालते वं. डिस्कले नाई चालत."

तवापासून कुकू बंद. नव्या डिस्कच्या पाठीवर मी टिकली लावतो. मंगेशबी आता काही बोलत नाई. टिकली दिसली की त्याले समजते, माल नवा हाय.

हे टिकलीचं ध्यानात ठेवा. मी नाई ठेवलं.

*

आता आमचे मास्तर, म्हंजे मंगेशचे बाबा. साऱ्या जन्मात जेवढी पोरं शिकवली, तेवढ्याईची नावं त्यायनं रिटायर झाल्यावर एका बोटानं टाइप केली. तालुक्यातलं एक घर सुटलं नसन.

दोन वर्सं झाली, त्यायच्या ध्यानात काही राहत नाई. जेवलो का, हे मलेच इचारतात. पन रोज सकायी कम्पुटर लावतात, यादी उघडतात अन् मोठ्यानं हजेरी घेतात. तेवढा टाइम मानूस जागेवर असते. यादी बंद केली की गेला.

मी तं पयलेपासून वांड. पोळ्या लाटता लाटता आतून ओरडो, "हजर, सर!" कधी बारीक आवाज, कधी भसाडा. एक दिवस म्हनलं, "सर, पानी प्याले जाऊ?" वाटलं, हासतीन.

ते म्हने, "जा. पण लवकर ये, हजेरी चालू आहे."

तव्यावरची पोळी करपली. त्यायनं मले ओयखलंच नोतं.

*

मंग एक दिवस मास्तरच्या कम्पुटरातून टक टक आवाज याले लागला. मंगेशनं कान लावला अन् त्याचं तोंड उतरलं. म्हने डिस्क मराले आली, नावं काढून घ्या लागतीन. दुसरी कॉपी हाय का, म्हनून मी इचारलं. गिऱ्हाइकायले मंगेश रोज सांगते, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा. घरच्याले सांगाचं राहून गेलं होतं. मास्तरले म्हने, दोन दिवस कम्पुटर लावू नका.

बुलढान्याहून दुसरी डिस्क आनली. तेच कंपनी, तेवढीच मोठी. वापरलेली होती, म्हनून आधी पुसून घ्याची होती. दोनी टेबलावर बाजू-बाजूले ठेवल्या. जुया बहिनी.

मले धाकधूक. अदलाबदल झाली तं? मी माह्या कपायाची टिकली काढली अन् मास्तरच्या डिस्कले लावली. म्हनलं, हे आपली हाय, भरलेली हाय. मंगेशले सांगाचं होतं, पन तो जेवत होता.

*

मंगेश हुशार. दोन डिस्का संगं लावल्या की चुकून भरलेलीच पुसल्या जाते म्हने, म्हनून तो एकच लावते. टिकलीवाली लावली. पुसली. तिच्यावर विंडोज टाकलं. तेबी टक टक करे. मंगेश म्हने, बुलढान्याच्यानं मले फसवलं.

मंग नावं काढासाठी दुसरी लावली. तिच्यातून कोनाच्या तरी हयदीचे फोटो निंघाले. पिवया नवरदेव, हासनाऱ्या बाया.

"हे कोन वं माय?"

"मंगेश, टिकली कोनत्या डिस्कवर होती?"

"नव्या. नव्यावरच तं लावतं ना तू."

पुसलेलं परत काढून देतात म्हनून तो अकोल्यालेबी जाऊन आला. त्यायनंबी डिस्क वापस केली.

टिकली तशीच होती तिच्यावर. मीच काढली.

*

दुसऱ्या दिवशी मास्तर आंघोळ करून, टोपी घालून कम्पुटरपुढं बसले. पडदा निया. बाकी काहीच नाई. त्यायनं माऊस हलवला. परत हलवला. मंगेश दाराआड उभा होता. बिचाऱ्याले तोंड झाकाले पदरबी नोता. मी कांदा चिरत होती, म्हनून माह्यं भागलं.

मास्तर म्हने, "आज एकही आलं नाही?"

मी पदर खोचला अन् त्यायच्यापुढं जाऊन उभी राह्यली.

"मी आली ना, सर."

त्यायनं चष्म्यावरून पाह्यलं. "नाव सांग."

मी सांगतलं. पूर्न. मधात त्यायचं नाव आलं, तेबी घेतलं, त्यायच्याच तोंडावर. लग्नापासून पयल्यांदा.

त्यायनं एकेक अक्षर शोधून टाइप केलं. मंग माह्याकडं पाह्यलं.

"इतका उशीर का केलास, बाळ?"