यानाला लावलेली तीट

चहाचा कप हातात घेऊन सर कॅन्टीनच्या भट्टीपाशी जात आणि तिच्या बाजूला तळहात धरत. "गरम हवा तर वर चाललीय. मग मला चटका कोण द्यायलंय?" मग स्वतःच सांगत, "उजेड, गड्यांनो! उजेड बी भाजतो."

जिंतूरकडच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. परभणीहून आलेला माणूस कापसाचा भाव सांगतो. सर शुक्रावरचं हवामान सांगत. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव वातावरण तापलं होतं, त्या काळातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला समिती येणार होती. मान्यता नाही मिळाली तर औरंगाबादला राहून शिकणं माझ्या घरच्यांना झेपणारं नव्हतं.

समितीसाठी सरांनी प्रयोग रचला. ग्रहाच्या हवेत यान इतक्या वेगानं शिरतं की पुढची हवाच दिव्यासारखी पेटते. चकचकीत आवरण तो उजेड परतवतं, एवढंच दाखवायचं होतं. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरमधला कार्बनचा प्रखर दिवा आणला. भोवऱ्याएवढं मेणाचं यान केलं, त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. मध्ये पंखा, म्हणजे गरम हवा उडून जावी.

दिवा पेटला. पाहता पाहता यानाच्या टोकातून धूर निघाला आणि मेण ओघळलं.

"सर, यानाचं नाक गळायलंय!" मागून कोणीतरी ओरडलं. प्राचार्यांनी कपाळ पुसलं.

सरांनी दिवा बंद केला, टोक नखानं खरवडलं. "काजळ!"

"काळा ठिपका मुद्दाम लावला होता का?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी मनात 'हो म्हणा, हो म्हणा' करत होतो.

"नाही साहेब. यान काल घरी नेलं होतं. आईनं तीट लावलेली दिसतीय." मग सरांचा चेहरा एकदम उजळला. "पण बघा तर! दिवा एकच, चांदी एकच. काळं होतं तेवढंच जळलं!"

अध्यक्ष हसत उठले. "काजळ आहे का अजून?"

शेजारच्या घरातून काजळाची डबी आली. मग त्यांनी स्वतः यानाच्या पाठीवर काजळाचं बोट टेकवलं. पुन्हा दिवा, पुन्हा धूर. बाजूला, बुडाला, जागा मिळेल तिथं ठिपके लागले. समितीचं जेवण निवून गेलं.

मान्यता मिळाली. सरांच्या आईला आम्ही पेढे द्यायला गेलो, तर त्याच रागावलेल्या. "लय चमकायलं होतं ते. तुमा पोरांचीच नजर लागली असती. माझं काय चुकलं?"

आमचा निकाल लागला त्या वर्षी सर आईंना घेऊन सोनपेठकडच्या कॉलेजात गेले. आम्ही स्टँडवर निरोप द्यायला उभे होतो. एस.टी. हलली, तरी सर शेजारच्या पागोटेवाल्याला काहीतरी समजावून सांगत होते. आईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी खिडकीकडे मान वळवेपर्यंत गाडी वळणावर गेली होती. बाहेर दिसत होता तो आईंचाच हात, जोरजोरात हलणारा.