नवशीच्या नावावरचा नाच

नवशीला माणूस ओळखायला कागद पुरत नाही. तलासरीला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. आमचे हे तिथलं कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतात आणि नवशी केसपेपरच्या खिडकीवर बसते. समोर येऊन कोणी नुसतं "लक्ष्या" म्हणालं तर ती लिहून घेत नाही. "कुठला लक्ष्या? पाडा कुठला? बापाचं नाव सांग. मागच्या वेळी पायाला काय झालेलं?" तिच्या नोंदीत अकरा लक्ष्या आहेत. एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "लगीन लावतेस काय माझं?" तशी म्हणाली, "नाय काका. पण दुसऱ्या लक्ष्याचं औषध तुला दिलं तर तुझी बायको मना सोडेल काय?"

ती मूळची वेवजीची. बारावी झाल्यावर दवाखान्यात झाडू मारायला लागली. एक दिवस खिडकीवरची बाई रजेवर गेली, नवशीने रजिस्टर ओढून घेतलं आणि मग ते सोडलंच नाही. मराठी, गुजराती आणि घरची बोली, तिन्हींत भांडते. डहाणूला आमच्याकडे आली की तिच्या परसातली झेंडूची फुलं माझ्या देवासाठी आणते, आणि मी चहा टाकेपर्यंत माझ्या देवघरातली निरांजनं पुसून ठेवते. अशा मुलीवर जे आलं, ते माझ्या हातून आलं. म्हणून हे नीट लिहिते.

पावसाळ्यात ट्रस्टने सगळ्यांना टॅब दिले. ह्यांनी प्रत्येक टॅबच्या पोटात एक प्रमाणपत्र घातलं. ते असलं की नेटवर्क पासवर्ड विचारत नाही, टॅबला आपोआप आत घेतं. कोणता टॅब कोणाला दिला, त्याची यादी ह्यांच्याकडे. जेवताना मला कौतुकाने सांगत होते, "अगं, नेटवर्क मशीनलाच ओळखतं."

"आणि मशीन कोणाच्या हातात आहे, ते कोण ओळखतं?"

"ज्याचा टॅब त्याच्याच हातात असणार ना."

मी आमटी वाढली. त्यांच्या खात्यात मी बोलत नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी हे घरी आले ते हातात एक यादी घेऊनच. तिथले व्यवस्थापक विपुलभाई, त्यांनी इंटरनेट कोण किती वापरतं त्याची यादी मागितली होती. यादीत नवशी सगळ्यात वर. रोज दुपारी दोन ते चार, नाचाचे व्हिडिओ.

"कसले नाच?"

"लग्नातले. 'गुडघे न वाकवता गरबा', असा एक तर तीस वेळा पाहिलाय."

नवशी सव्वीस वर्षांची. तिचे गुडघे कशाला अडतायत? पण विपुलभाईंनी निकाल दिला होता. सोमवारपासून खिडकीवर दुसरी मुलगी, आणि महिनाअखेरीला नवशीचं कंत्राट बंद.

रविवारी सकाळी ती आली. फुलं आणली होतीच. ह्यांना म्हणाली, "रवींद्रभाऊ, खिडकीवर रोज साठ-सत्तर माणूस. मी नाच बघू कदी?"

हे खाली बघत म्हणाले, "तेच तर. दसऱ्यापासून तुझ्या टॅबवरून एकाही पेशंटची नोंद नाही."

"मग ते साठ-सत्तर कोणी लिवले?"

"विपुलभाईंच्या टॅबवरून आहेत सगळे. मला वाटलं, साहेब मदत करतात. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये त्यांना शालसुद्धा दिली, साहेब असून खिडकीवर बसतात म्हणून."

"साहेब? त्यांना खिडकी कुठे हाय ते तरी माहीत हाय काय?"

मला हसू आलं, पण 'दसऱ्यापासून' ऐकून मी उठले. चहा उतू गेला तो तसाच ठेवला आणि माझी रोजची वही काढली. आश्विन शुद्ध दशमीचं पान माझ्याच अक्षरात होतं:

"दवाखान्यात यंत्रांची पूजा मी मांडली. चौदा टॅब पाटावर मांडले. कव्हरं चामड्याची निघाली. चामडं पूजेत चालत नाही, म्हणून सगळी उतरवून बाहेर बाकावर ठेवली. आरतीनंतर घाईघाईने परत चढवली. पेढे कमी पडले."

कव्हरं ट्रस्टनेच हौसेने दिलेली, त्यांवर सोनेरी अक्षरांत प्रत्येकाचं नाव. टॅब मात्र चौदाही अगदी सारखे.

मी पान ह्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"कुठलं कव्हर कुठल्या टॅबचं, ते पाहिलंस?"

"बसलं, म्हणजे त्याचंच असणार. नाव वाचून ज्याने त्याने उचललं. पासवर्ड विचारत नाही, मग कळणार कोणाला?"

हे कपाळाला हात लावून बसले. "मी सगळ्यांना सांगत आलो, माझ्या यादीत चूक नसते."

"नाहीच आहे. चूक माझी आहे, आणि उद्या मी येऊन सांगणार आहे."

नवशीने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही देवाचं केलंत आणि नाचवलंत मना." हसली आणि निरांजन पुसायला घेतलं. विवळवेढ्याच्या देवीआईला मी मनातल्या मनात नारळ बोलले.

सोमवारी खिडकी उघडायच्या आधीच आम्ही तिघं विपुलभाईंच्या केबिनमध्ये. मी सगळं सांगितलं आणि वही उघडून दाखवली. ते म्हणाले, "भाभी, पूजापाठ ठीक, पण रेकॉर्ड ते रेकॉर्ड."

ह्यांनी त्यांच्या टेबलावरचा टॅब उचलला. कव्हरवर 'विपुल' असं झळकत होतं. कव्हर उतरवलं. मागे सात नंबर कोरलेला आणि त्याच्या शेजारी माझ्या बोटाचा हळदीचा ठिपका. यादीत सात नंबरपुढे नाव होतं नवशीचं.

विपुलभाईंनी टॅब उलटा केला, सुलटा केला. "आ तो... हा तर..." म्हणत टेबलावर ठेवला. वापीला त्यांच्या पुतणीचं लग्न, आणि घरच्यांनी त्यांचं नाव नाचात घातलेलं, हे मग हळूहळू बाहेर आलं. यादीत ते नाच नवशीच्या नावावर दिसले, तसे त्यांनी तिच्यावरच ढकलले होते.

नवशी खिडकीवरच्याच आवाजात म्हणाली, "साहेब, रोज दुपारी दोन वाजता पायाला काय होतं?"

विपुलभाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गुडघा दुखतो," ते हळूच म्हणाले.

"मग केसपेपर काढायला लागेल."

त्यांनी नवीन मुलीला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. नवशीचं कंत्राट आमच्यासमोर सही करून पुढे वाढवलं. कपाटातली शाल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि नवशीपुढे ठेवली. नाचाबद्दल ट्रस्टच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं. आम्ही विचारलं नाही.

ह्यांनी त्याच दिवशी सगळे टॅब आपापल्या कव्हरात घातले. आता प्रमाणपत्र असलं तरी टॅब आधी माणसाचं नाव आणि पासवर्ड विचारतो. नवशीसारखाच खोदून विचारतो, असं तिथले लोक कुरकुरतात. मी चौदा सुती कव्हरं शिवायला घेतली आहेत. पुढच्या दसऱ्याला उतरवायला नकोत.

आणि त्या सोमवारचा पहिला केसपेपर? टॅबची यादी आवरून आम्ही दोघं केबिनबाहेर पडलो, तेव्हा नवशी शाल खांद्यावर टाकून खिडकीवर बसली होती. बाहेरच्या बाजूला विपुलभाई उभे होते.

"नाव?"

"अरे, तू ओळखते ना मला."

"गाव सांगा," नवशी म्हणाली. "आणि बापाचं नाव."