बकुळाबाईचं नाक

नायगावच्या चाळीत बकुळाबाईसमोर कुणी कालवाला शिंपला म्हटलं की संपलंच! "मेल्यांनो, शिंपला वाळूत लोळतो. कालव खडकाला चिकटतं, फोडल्याशिवाय हाताला लागत नाय." नात प्रिती मोबाईलमध्ये बघून सांगायची, "आजी, इंग्रजीत ऑयस्टर. तो शब्द म्हणे ग्रीकांकडून आला. हाडाच्या शब्दाचा भाऊबंद आहे."

"असेल. हाडासारखंच टणक असतं ते," बकुळाबाई म्हणायची.

लग्न होऊन आली तेव्हापासून ओहोटीला कोयती घेऊन प्रभादेवीच्या खडकांवर जायची. फोडलेलं प्रत्येक कालव आधी नाकाशी न्यायचं, नाल्याच्या पाण्याचा जरा जरी वास आला तर भिरकावून द्यायचं, ही तिच्या आईची शिस्त. अख्खी चाळ तिच्या नाकाच्या भरवशावर डोळे मिटून खायची. नवरा सीताराम तर कच्चंच गिळायचा, वरून लिंबू पिळून.

कोरोनात ते नाक मेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. पण सांगणार कुणाला? बकुळाबाईचं नाक गेलं म्हटल्यावर बकुळाबाईला विचारतो कोण? मग कालव नुसतंच नाकाशी न्यायचं आणि टोपलीत टाकायचं, असं चाललं होतं.

या अमावस्येला कालवं खाल्ली आणि सीतारामला उलट्या, जुलाब, सणसणून ताप. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"कालवं. म्हणजे ऑयस्टर. कच्ची," प्रिती म्हणाली.

"खराब होती का?"

सीताराम तशातही उठायला बघू लागला. "छट्! हिने वास घेतलाय. हिचं नाक चुकत नाय."

डॉक्टरीणबाईंनी बकुळाबाईकडे बघितलं. अगं, बोल की बाई! नवऱ्याच्या जिवाशी गाठ आहे, आता कसली आलीय लाज?

"घेतला वास. ताजी होती," ती म्हणाली.

सीताराम निवांत आडवा झाला. डॉक्टरीणबाईंनी साधी पोटाची औषधं लिहून दिली.

दुपारभर बकुळाबाई बाकावर पदर पिळत बसली. संध्याकाळी न राहवून डॉक्टरीणबाईंना शोधायला उठली, तेवढ्यात वॉर्डातून प्रिती रडत धावत आली.

दुसऱ्या दिवशी आजी-नात अस्थी वेचायला बसल्या. राखेतून पहिलं हाड हाती आलं आणि बकुळाबाईने सवयीने ते नाकाशी नेलं.

"आजी! हे काय करतेस?"

बकुळाबाईचा हात तसाच राहिला. "कोरोनापासून मला कसलाच वास येत नाय गं, पोरी."